काकांनी उपटलेले तण

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतील तळमजल्याच्या काकांनी काल माझ्या वाफ्यातील टोमॅटिलोचे एक झाड मुळासकट उपटले आणि ‘तण काढून दिले’ म्हणून वर चहाचीही अपेक्षा ठेवली. टोमॅटिलो मूळची मेक्सिकोची, टोमॅटोच्याच कुळातली. तिचे हिरवे, आंबट फळ कागदासारख्या आवरणात वाढते, त्यामुळे ती बांधावरच्या रानपोपटीसारखी दिसते. घात झाला तो तिथेच.

“ताई, गिरणाऱ्याला आम्ही ही पोपटी गाडीभर उपटली आहे,” काका म्हणाले.

“काका, मी बी आणून लावली होती.”

“तण कोणी बी आणून लावते का?”

मी गप्प झाले. काका मात्र उदार झाले होते. “दुसरे ठेवले आहे ना? आता सगळे खत त्या एकट्याला. दुप्पट फळे येतील बघा!”

टोमॅटिलोचे फूल स्वतःच्या झाडाच्या परागाने सहसा फळ धरत नाही, त्यासाठी शेजारी दुसरे झाड असावे लागते, हे सांगायला मी तोंड उघडले. तोवर काका पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पोहोचले होते, तिथे टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला कोणे एके काळी मिळालेला भाव, मग न मिळालेला भाव, मग रस्त्यावर ओतलेला माल. त्या ओतलेल्या मालाचे वाईट मलाही वाटते, पण त्याची भरपाई माझ्या वाफ्यातून का व्हावी? दुसऱ्याच्या झाडाला हात लावण्यापूर्वी विचारण्याची पद्धत आपल्याकडे जणू उरलेलीच नाही, आणि समोरचा वयाने मोठा असला की तक्रार करणाराच उद्धट ठरतो.

पडलेल्या झाडावरची जी फळे आवरणात भरली होती ती मी सोलली, त्यांच्यावरचा चिकट थर धुतला, हिरवी मिरची आणि लसणासोबत काळे डाग पडेपर्यंत तव्यावर भाजली आणि कोथिंबीर, मीठ घालून वाटली. काकांनी ती चटणी बाजरीच्या भाकरीबरोबर चाखली.

“चिंच जरा जास्त झाली,” ते म्हणाले. चटणीत चिंच नव्हती. वाटी मात्र त्यांनी पुसून घेतली.

निघताना ते दारात थांबले. “त्या तणाचे एखादे बी असेल तर द्या, गिरणाऱ्याला लावून पाहतो.”

मी पुडीतून दिले, मोजून एकच.