धारोष्ण दुधाने सांधे बळकट होतात?

‘देशी गाईचं धारोष्ण दूध प्या, म्हातारपणीही सांधे कुरकुरणार नाहीत. उकळलं की कॅल्शियम मरतं. गोठा स्वच्छ आणि गाय धडधाकट असेल तर भीती कसली?’ हा मजकूर व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरतोय. वाईट याचं वाटतं की निरशा दुधातून येणारा ब्रुसेला हा जंतू नेमके सांधेच धरतो.

कॅल्शियम हे खनिज आहे, ते उकळून मरत नाही. काही ब जीवनसत्त्वं थोडी घटतात, एवढंच.

‘गाय धडधाकट’ हा मुद्दा सगळ्यात फसवा. लागण झालेली गाय बहुधा गाभण राहिल्यावर पाचव्या महिन्यानंतर एकदा गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. पुढच्या खेपेला नीट विते, चारा खाते, पान्हा सोडते आणि जंतू कासेतूनच दुधात उतरत राहतात. तिथे घासलेली चरवी काय करणार? माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक वर्षानुवर्षं तापाने पडत होते. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये त्या तापाचा हा ब्रुसेला जंतू सापडला, पण तो शेळ्यांतून येतो हे माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामिट यांनी १९०५ मध्ये दाखवलं. त्या शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. पुढच्या वर्षी सैन्याचं शेळीचं दूध बंद झालं आणि रुग्ण झपाट्याने घटले. डेंग्यूत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचं कच्चं दूध शोधत फिरणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

देशी असो वा जर्सी, लागण दोघींनाही होते.

आता सांधे. रोज संध्याकाळी चढणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, मग कंबर धरते. कुणाचा खुबा, कुणाचा गुडघा सुजतो. जंतू मणक्यात शिरला तर टीबी समजून भलतेच उपचार सुरू होऊ शकतात. वेदनाशामक गोळ्यांनी जंतू मरत नाही. डॉक्सीसायक्लिन आणि जोडीला दुसरं अँटिबायोटिक, असे किमान सहा आठवडे लागतात. मध्येच सोडलं तर दुखणं उलटतं.

दूध एकदा नीट उकळलं की त्यातला जंतू संपतो. पण गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढणाऱ्याला उकळण्याचा उपयोग नाही, त्याला हातमोजेच हवेत. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस एकदाच देतात, ती चुकवू नका. आणि ताप-सांधेदुखीसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा निरसं दूध प्यायल्याचं किंवा गोठ्यात गाय गाभडल्याचं स्वतःहून सांगा. हा जंतू कल्चरमध्ये, म्हणजे तपासणीसाठी जंतू वाढवून बघतात तेव्हा, हळू वाढतो आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही लागतो. त्यांना आधी कळलेलं बरं.