शांग राजवंश कोरियन नव्हता

सध्या एक दावा जोरात फिरतोय: चीनचा प्राचीन शांग राजवंश ‘दोंगयी’ लोकांचा, दोंगयी म्हणजे कोरियन, म्हणून चिनी लिपीही मुळात कोरियनांची. साखळी पक्की वाटते, पण तिची एकही कडी टिकत नाही.

“दोंगयी म्हणजे कोरियन.” हे एका जमातीचं नावच नव्हे, ‘पूर्वेकडचे परके’ एवढाच त्याचा अर्थ. शांग आणि त्यांच्यानंतरच्या झोउ राजवंशाच्या काळात ‘यी’ म्हणजे शानदोंग आणि ह्वाय नदीच्या खोऱ्यातले लोक. इ.स. तिसऱ्या शतकातल्या चिनी इतिहासात तेच नाव पुयो, कोगुर्यो (मांचुरिया-कोरियातली प्राचीन राज्यं) आणि जपानच्या ‘वा’ लोकांनाही लावलंय. शब्द तोच राहिला, माणसं बदलली. शिवाय अस्थिलेखांत, म्हणजे शांगांनी हाडांवर कोरलेल्या मजकुरांत, शेवटच्या शांग राजाने ‘रनफांग’ नावाच्या शत्रूवर केलेल्या स्वारीच्या नोंदी आहेत, आणि बरेच अभ्यासक हे नाव ‘यीफांग’ असं वाचतात. म्हणजे यी हे शांगांचे शत्रू!

“लिपी कोरियनांनी घडवली.” इथे नीट थांबायला हवं, कारण पुरावा हाडावरच कोरलेला आहे. शांगांची शेवटची राजधानी असलेल्या आन्यांगला कासवाच्या पोटाकडची कवचं आणि बैलांच्या खांद्याची हाडं मिळाली, साधारण इ.स.पू. 1200 पासूनची. मागून खळगे कोरायचे, तिथे चटका द्यायचा, पुढच्या बाजूला तडा गेला की कौल वाचायचा आणि प्रश्न शेजारी कोरून ठेवायचा. आता ‘येणे’ ही क्रिया चित्रात दाखवणं अवघड, म्हणून लेखनिकांनी गव्हाच्या रोपाचं चिन्ह उसनं घेतलं. त्यांच्या भाषेत गहू आणि येणे यांचे उच्चार जवळचे होते. प्राचीन चिनीत हा मेळ बसतो. कोरियनमध्ये गहू ‘मिल’ आणि येणे ‘ओदा’, तिथे ही उसनवारी सुचणारच नाही. शब्दक्रमही पाहा: ‘राजा – स्वारी करतो – रनफांग’. कोरियनमध्ये मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं.

“पुयो लोकही कौल घेत, पांढरे कपडे घालत.” पुयो बैल मारून खूर पाहत: फाकलेला तर अशुभ, जुळलेला तर शुभ. ही नोंद शांगांच्या पाडावानंतर सुमारे 1300 वर्षांनी झालेली. हाडं भाजून कौल बघायची चाल तर उत्तर चीनमध्ये शांगांच्याही आधीची, पुढे जपानपर्यंत पसरलेली. पांढऱ्या कपड्यांवरून वंश ठरत नाही.

“शांग राजपुत्र गीजा (चिनीत ‘जीझी’) कोरियाला गेला, तो आपल्याच लोकांत.” कन्फ्यूशियसच्या संवादांत गीजा आहे, पण गुलाम झालेला, जोसनचा (प्राचीन कोरियन राज्याचा) उल्लेख नाही. झोउ राजाने त्याला जोसन दिलं हे हान काळातले ग्रंथ सांगतात, 800 हून अधिक वर्षांनी. 1973 साली लिआओनिंगमधल्या काझुओला ‘जी’ सरदाराचं नाव कोरलेलं कांस्यपात्र मिळालं, तेही पुढे केलं जातं. पण ते अक्षर गीजाच्या नावातल्या अक्षराहून वेगळं आहे, आणि काझुओ लिआओ नदीच्या पश्चिमेला, कोरियन द्वीपकल्पापासून बरंच दूर. द्वीपकल्पात सापडतात ते डोल्मेन (मोठ्या शिळांची थडगी) आणि बिपा या तंतुवाद्याच्या आकाराचे कांस्य खंजीर. चिनी तलवारीत पातं आणि मूठ एकत्र ओतलेली असते. या खंजिरांत पातं वेगळं, मूठ वेगळी, आणि मग जोडलेली. म्हणजे घडवायची पद्धतच निराळी.