लिव्हर घट्ट, तरी ब्रेक लागत नाही : ऐरोलीच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोकळेपणाने लिहिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की डर्ट बाइकच्या कमजोर हायड्रॉलिक ब्रेकवरील माझा लेख पुस्तकी आहे. आपण नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरून तीन वेळा ब्लीडिंग केले, म्हणजे आतली हवा काढली, लिव्हर आता दगडासारखा घट्ट लागतो, तरी पुढचे चाक थांबत नाही. तेव्हा ‘ब्रेडेड पाइप (स्टीलच्या तारांच्या विणीचा, न फुगणारा पाइप) बसवा’ एवढे सांगितले असते तरी पुरले असते, असे आपले म्हणणे.

या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. रबरी पाइप जुना होऊन दाबाखाली फुगू लागला, किंवा आत एअर राहिली, तर लिव्हर मऊ लागतो आणि ग्रिपकडे नेहमीपेक्षा जास्त येतो. लिव्हरजवळच्या, ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सील गेले असेल, तर दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली बसतो. आपल्याकडे यांपैकी काहीच घडत नाही. म्हणजे ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) बहुधा नीट पोचतो आहे आणि दोष त्याच्या पुढे, पॅड व डिस्क यांच्यामध्ये शोधायला हवा. ब्रेडेड पाइपने घट्ट लिव्हर आणखी घट्ट होईल, इतकेच.

माझा पहिला संशय पॅडवर आहे. ब्लीड निपलमधून (हवा काढण्याच्या तोटीतून) सांडलेले ऑइल पॅडवर उतरले असेल, तर तीनदा केलेल्या ब्लीडिंगनेच ब्रेक बिघडवला असण्याची शक्यता आहे. तेल प्यालेला पॅड पॉलिश पेपरने घासून सुधारत नाही. तो बदलावाच लागतो, आणि डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसावी लागते. पॅड कोरडे पण चकचकीत दिसत असतील, तर मात्र हलके घासून पाहायला हरकत नाही. त्याच वेळी कॅलिपर उतरवून पिस्टन सहज मागे जातात का आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइडिंग पिन गंजल्या आहेत का, हेही पाहावे. पावसाळ्यात मुरबाडच्या चिखलातून फिरलेल्या गाडीत या पिन हमखास अडकतात, आणि दोन पॅडची झीज असमान दिसू लागते.

एक प्रश्न मलाही विचारायचा आहे. गाडी जुनी घेतली असल्यास मास्टर सिलिंडर मूळचाच आहे का? ११ मिलिमीटरच्या जागी कोणी १४ मिलिमीटर पिस्टनचा बसवला असेल, तर क्षेत्रफळ सुमारे १.६ पट होते आणि तेवढाच दाब निर्माण करायला बोटांना तितक्याच पटीने जास्त जोर लावावा लागतो. असा लिव्हर हाताला फार छान लागतो, ब्रेक मात्र लागत नाही.

दरवर्षी ऑइल बदलण्याचा सल्ला आपल्याला दुकानदारी वाटला. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सियस असतो, तर ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. उत्कलनबिंदू उतरला की तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइलची वाफ होऊ शकते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत म्हणूनच मी दोन वर्षे थांबत नाही. अर्थात आपल्या आजच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही.

नवे पॅड घातल्यावर रविवारी सकाळी रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगापासून हळूहळू ब्रेक दाबत, पूर्ण न थांबता, ते डिस्कवर घासून नीट बसवून घ्यावेत. पण त्याआधी पुढच्या फोर्कच्या (चाक धरणाऱ्या, तेल भरलेल्या शॉकॲब्सॉर्बरच्या) सीलखाली बोट फिरवून पाहा. तेल लागले, तर आधी सील बदलावे लागेल, नाहीतर नवे पॅडही त्याच तेलात भिजतील.