कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून मारकुटा रुग्ण ओळखता येत नाही

"मनोरुग्णाचं कोलेस्टेरॉल आणि सिरोटोनिन कमी, टेस्टोस्टेरॉन जास्त, म्हणजे तो अंगावर येणारच. रक्त तपासा, आधीच कळेल." हा मेसेज फिरतोय. त्यातला एकेक मुद्दा पाहू.

कोलेस्टेरॉलचा संशय हवेतून आलेला नाही. 1990 मध्ये जुन्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवलेल्या गटात अपघात, आत्महत्या आणि हिंसेचे मृत्यू जास्त निघाले होते. पण 1994 च्या, 4,444 रुग्णांवरच्या सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या चाचणीत तसं काही आढळलं नाही. शिवाय कुपोषण, जंतुसंसर्ग यांनीही कोलेस्टेरॉल उतरतं. म्हणजे कमी आकडा आजाराचा परिणामही असू शकतो.

सिरोटोनिन हे मेंदूत संदेश पोचवणारं रसायन. त्याचा हिंसेशी संबंध जोडणारे गाजलेले निष्कर्ष पाठीतून काढलेल्या मेंदूजलाचे आहेत, रक्ताचे नाहीत. रक्तातलं सिरोटोनिन आतड्यात बनतं, प्लेटलेट्समध्ये साठतं आणि मेंदूत शिरत नाही. टेस्टोस्टेरॉनचा आक्रमकतेशी संबंध आहे, पण अगदी क्षीण. शिवाय ते सकाळी वाढतं, संध्याकाळी उतरतं, म्हणून एका आकड्यावरून काही ठरत नाही.

सीके (क्रिएटिन कायनेज, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं दिसलं की तेही हिंसेचं लक्षण ठरवतात. हे तर साफ उलटं आहे. झटापट झाली, रुग्णाला बांधलं, स्नायूत इंजेक्शन दिलं की सीके चढतंच. मात्र मनोविकाराच्या औषधांवर असताना ताप, अंग ताठरणं आणि चढलेलं सीके एकत्र दिसलं, तर तातडीने रुग्णालय गाठा.

आता हिशेब करा. 100 पैकी 5 जण हिंसक होणार आहेत आणि चाचणी 80 टक्के अचूक आहे, असं धरू. ती त्या 5 पैकी 4 पकडेल आणि उरलेल्या 95 पैकी 19 निरपराधांवर शिक्का मारेल. त्या शिक्क्यानं माणूस कोंडला जातो, विनाकारण गुंगीत ठेवला जातो. पूर्वीची मारहाण, दारू किंवा नशा, बंद केलेली औषधं यांवरून अंदाज जास्त बरा येतो.

रक्त तपासायचं ते वेगळ्या कारणासाठी. शांत रुग्ण अचानक बिथरला, तर आधी ग्लुकोमीटर लावा. साखर 54 mg/dL च्या खाली असेल, तर चिडचिड आणि गोंधळ त्यानंच झालेला असू शकतो. बादलीभर पाणी पिणाऱ्याचं सोडियम उतरलंय का बघा. रुग्ण लिथियम हे मनोविकाराचं औषध घेत असेल, तर त्याची रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घ्या. त्यासाठीचं रक्त लिथियम हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये मात्र घेऊ नका. ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा खोटा चढतो.