चार्ज घेताना

"मामा, एक संघ घेता का? तिघं जण लीग सोडून गेलेत, त्यांचे संघ बेवारस पडलेत. तुम्ही कुठलाही निवडा."

भाच्याचा हा फोन कॅलगरीहून आला तेव्हा मी अंगणात नळाखाली बादली लावून उभा होतो आणि पाणी नुकतंच यायला लागलं होतं. नळाला पाणी असताना आमच्या ग्वाल्हेरचा माणूस कशालाही हो म्हणतो. मीही म्हणालो.

टाकी भरल्यावर कळलं की प्रकरण हॉकीचं आहे, आणि त्यातही बर्फावरच्या. तरी मी डगमगलो नाही. हॉकी आमच्या गावाला परकी नाही. ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंग इथलेच, शिंद्यांच्या फौजेत होते. त्यांच्या नावाचं स्टेडियमही आहे. त्यावर क्रिकेट खेळतात, तो भाग वेगळा. २४ फेब्रुवारी २०१०ला सचिननं एकदिवसीय सामन्यातलं पुरुषांचं पहिलं द्विशतक काढलं ते याच मैदानावर. हॉकीवाल्याच्या नावानं क्रिकेटचा विक्रम होऊ शकतो, तर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका निवृत्त ऑडिटरानं घरबसल्या कॅनडातली हॉकी चालवायला काय हरकत आहे?

हरकत शेजारच्या आप्पांना होती. आप्पा तरुणपणी हॉकी खेळलेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण काठी अजूनही हॉकीसारखीच धरतात. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांनी विचारलं, "संघ घेतलास म्हणजे काय? खेळणार कोण?"

"खेळाडू तिकडेच खेळतात, आप्पा. आपण फक्त कागदावर म्हणायचं की हा माझा, तो माझा. त्यानं गोल केला की मला गुण."

"म्हणजे गोल तो करणार आणि मिशीला पीळ तू देणार."

याहून नेमकी व्याख्या मला आजतागायत कुठे मिळालेली नाही.

भाचा या लीगचा कमिशनर आहे. म्हणजे फक्त नियम सांभाळायचे आणि भांडणं मिटवायची. पण माझ्या धाकट्या बहिणीनं हळदीकुंकवाला "मुलगा तिकडे कमिशनर झाला" एवढंच सांगितल्यामुळे अर्ध्या दौलतगंजात पेढे मागितले गेले. लीगमध्ये बारा जण. प्रत्येकानं उत्तर अमेरिकेतल्या ३२ संघांमधले खरेखुरे खेळाडू आपापसांत वाटून घेतलेले, आणि एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच. म्हणून कुणी सोडून गेला की त्याचा संघ मोडीत काढत नाहीत, त्याला नवा धनी बघतात.

हे ऐकलं आणि मी ताठ बसलो. अहो, हे तर दत्तकविधान! आणि त्यात आमच्या गावाला कुणी शिकवू नये. महादजींना मुलगा नव्हता, गादीवर आले ते भावाचे नातू दौलतराव. १८२७ला दौलतराव गेले, बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेतलं. १८४३ला जनकोजी गेले, ताराबाईंनी जयाजीरावांना घेतलं. तिकडे शंभर किलोमीटरवरच्या झाशीचं दत्तक कंपनी सरकारच्या डलहौसीनं नामंजूर केलं, त्याचं पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. फरक एवढाच की इतिहासात गादी मुलगा शोधत होती, आणि इथे पोरांनी भरलेलं घर बाप शोधत होतं.

भाच्यानं तिन्ही संघांच्या याद्या पाठवल्या. "बघा आणि सांगा, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं! चौतीस वर्षं मी एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत, लोकांचे हिशेब तपासले. चार्ज घेणं म्हणजे काय ते मला विचारा. नवा माणूस खुर्चीत बसतो, जुना हसत हसत चावी देतो, आणि सहा महिन्यांनी कळतं की स्टॉक रजिस्टरातली अकरा कपाटं प्रत्यक्षात आठच आहेत. तेव्हा न बघता सही करायची नाही. मी भाच्याला नऊ मुद्द्यांचा हाफ मार्जिन मेमो धाडला: आधीचे मालक का सोडून गेले, जखमी किती, त्यातले खरे जखमी किती, देणी काय आहेत. उत्तरादाखल त्यानं एक अंगठा पाठवला. अंगठा ही सही ज्या काळात चालायची तो काळ गेला, असं मी कळवलं. मग मात्र त्यानं रीतसर उत्तरं दिली.

पहिला संघ दिसायला राजवाडा. दर्शनी भागात कॉनर मॅकडेव्हिड, २०१५ साली नव्या मुलांच्या निवडीत पहिल्या क्रमांकानं उचललेला, एडमंटनचा. त्याच्याभोवती मात्र सगळी भरती. शिवाय आधीच्या मालकानं पुढल्या दोन वर्षांत नवे खेळाडू निवडायचे पहिल्या फेरीचे हक्क विकून खाल्लेले. असे वाडे आमच्या लश्करात पुष्कळ आहेत. दारावर सागवानी नक्षी, आत गेलं की चौकात उभ्या भिंती आणि कपाटात गहाणखत. मालक का गेला? त्याला जुळं झालं म्हणे. ते कारण मी ग्राह्य धरलं.

दुसरा संघ म्हणजे बालवाडी. २०२३चा पहिला कॉनर बेडार्ड, २०२४चा पहिला मॅकलिन सेलेब्रिनी, एक वीस वर्षांचा आणि दुसरा एकोणीस. बाकीचे काही तर अजून कॉलेजातच. भाचा म्हणाला, "मामा, चार वर्षं थांबा, हा संघ सगळ्यांना धुऊन काढेल." मी अडुसष्ट वर्षांचा आहे. हिरवी केळीसुद्धा विचार करून घेतो.

तिसऱ्या संघाची यादी बघून मला उगीचच घरी आल्यासारखं वाटलं. सिडनी क्रॉस्बी अडतीस वर्षांचा. ओव्हेच्किन २०२५च्या सप्टेंबरातच चाळिशीत शिरलेला. त्यानं ६ एप्रिल २०२५ला ८९५वा गोल करून ग्रेट्झ्कीचा ८९४चा विक्रम मोडला, म्हणजे माणूस कर्तृत्ववान, पण हे कर्तृत्व मागल्या मालकाच्या खात्यात जमा होऊन गेलेलं. गोलरक्षक दोन, आणि दोघंही एकाच संघाचे! एक खेळला की दुसरा बाकावर. एकाच खुर्चीवर दोन हेडक्लार्क नेमल्यासारखं.

निवडायचं कसं, तर गुण कसे मिळतात ते कळायला हवं. हा भाग मला मनापासून आवडला. दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी दहा रकान्यांत सामना. गोल, गोलला दिलेली मदत, मारलेले फटके, गोलरक्षकानं जिंकलेले सामने वगैरे. त्यात एक रकाना अधिक-उण्याचा. दोन्हीकडे सारखे गडी असताना आपल्या बाजूनं गोल झाला की त्या क्षणी बर्फावर असलेल्या प्रत्येकाला एक जमा, आपल्यावर झाला की प्रत्येकाला एक नावे. त्यानं हात हलवला की नाही ते कुणी बघत नाही, हजेरी लागली ना, बास. ही पद्धत सरकारी नोकरीतल्या माणसानंच काढलेली असणार.

दुसरा रकाना दंडाच्या मिनिटांचा. तिथे खेळाडू एकमेकांना खुशाल ठोसे मारतात. हातघाईवर आला की पाच मिनिटं बाहेर बसायचं. आणि या लीगमध्ये ती पाच मिनिटं मालकाच्या जमेच्या बाजूला धरतात! मी तात्काळ आक्षेप नोंदवला. सरकारातही दंड जमेला धरतात, पण ज्यानं भरला त्याच्या नव्हे. भाचा म्हणाला, "मामा, नियम आहे." आक्षेपाचा पॅरा सेटल झाला नाही, मी तो तसाच उघडा ठेवला आहे.

अकरा दिवस मी वही मांडून बसलो. ही मेथी निवडत होती. "अहो, पोरं फुकट मिळताहेत म्हणून घ्यायची नसतात," एवढंच बोलली. मग थोड्या वेळानं, "आणि पितृपक्षात तर नाहीच नाही." हे मला सुचलं नव्हतं. पितृपक्ष २१ सप्टेंबरला संपत होता, दसरा २ ऑक्टोबरचा. हिनं परस्पर भाच्याला फोन करून मुहूर्त कळवून टाकला. पलीकडे तो काय म्हणाला कोण जाणे, पण ही म्हणाली, "हो हो, मोसम सात तारखेला सुरू होतोय ना? मग दसऱ्याला घेतील. सोनं घेतात, हे पोरं घेतील."

आप्पांचा कौल अर्थात वेगळा. "संघबिंघ सोड. १९३२ला लॉस एंजलिसला रूपसिंगांनी अमेरिकेवर एकट्यानं दहा गोल मारले. ध्यानचंद दद्दांनी आठ. चोवीस-एक! तेव्हा कुणी वही मांडली होती का?"

मी म्हणालो, "आप्पा, त्या स्पर्धेत संघच तीन होते. अमेरिका जपानकडूनही हरली आणि तरी ब्राँझ घेऊन घरी गेली."

आप्पा गप्प झाले. ऑडिटराला मित्र टिकत नाहीत ते असं.

निकाल लागला तो नवमीच्या रात्री, आणि तो हॉकीमुळे लागला असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या संघाची यादी मी तिसऱ्यांदा तपासत होतो. क्रॉस्बीच्या नावापुढे जन्मतारीख: ७ ऑगस्ट १९८७. म्हणजे सात, आठ, सत्त्याऐंशी. पाठीवरचा आकडा ८७. सहज म्हणून पगार बघितला. वर्षाला सरासरी ८७ लाख डॉलर. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. जन्माचा दाखला, गणवेश आणि पगारपत्रक, तिन्ही ठिकाणी आकडा जुळत होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत असं व्हाउचर माझ्या हाती आलं नव्हतं. ट्रेझरीच्या बेरजा जुळायला आम्ही रात्र रात्र बसलोय, शेवटी सदतीस पैसे सस्पेन्स खात्याला टाकून घरी गेलोय. आणि इथे एक माणूस स्वतःचं अख्खं आयुष्य जुळवून बसलाय! म्हातारा असला म्हणून काय झालं?

दसऱ्याला सकाळी यादीवर आपट्याचं पान ठेवलं आणि तिसरा संघ घेतल्याचं कळवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग भाचा म्हणाला, "मामा, तो कुणी घेणार नाही असं धरून मी तो बरखास्त करायचा ठराव तयार ठेवला होता."

"डलहौसी!" असं म्हणून मी फोन ठेवला.

पूर्व किनाऱ्यावरचे संध्याकाळी सातचे सामने ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतात. ही वेळ आणि आमच्या नळाची वेळ एकच. त्यामुळे पहिल्या आठवड्यात एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून मी माझी पोरं सांभाळली. एकदा बाकावरच्या गोलरक्षकाला खेळणारा समजून उभं केलं. एकदा टाकी वाहून जिन्यापर्यंत पाणी आलं.

१३ तारखेच्या सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून काठी वाजली.

"काय रे, जिंकलास?"

"नाही, आप्पा. नऊ-एक. हरलो."

"एक तरी मारलास ना? कोणी मारला?"

"गोल नाही, आप्पा. आमच्या एका पोरानं समोरच्याला ठोसे लगावले, त्याला पाच मिनिटं बाहेर बसवलं. तो रकाना आपण जिंकला."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगणातला नळ बंद केला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.