टँकर कुठे उभे होते? – एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

बॉम्बर विमानांचे तळ कुठे असावेत यावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला एक मुद्दा मला निमूटपणे मान्य करायला हवा, म्हणून सुरुवात त्यानेच करतो. दूर पल्ल्याचे बॉम्बर युद्धकाळात ‘शत्रूच्या शक्य तितके जवळ’ आणून ठेवतात, असे मी लेखात लिहिले होते. ते चूक आहे. जवळचा तळ शत्रूच्याही टप्प्यात येतो. डिसेंबर 2022 मध्ये युक्रेनने 600 किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या एंगेल्स या रशियन बॉम्बर तळावर ड्रोनने हल्ला केला, तेव्हा रशियाला याचा चांगलाच प्रत्यय आला. ते वाक्य मी बदलले आहे.

मात्र त्यापुढे आपण लिहिता की, ‘हवेत इंधन भरता येऊ लागल्यापासून तळ कुठे आहे याला अर्थच उरलेला नाही, 1982 सालचा फॉकलंडवरचा हल्ला आणि अमेरिकेतील मिझुरीहून उडणारी बी-2 बॉम्बर विमाने हा त्याचा पुरावा.’ हे मला पटत नाही. आपले हे दोन्ही साक्षीदार, नीट उलटतपासणी घेतली तर, माझ्याच बाजूने, म्हणजे तळाची जागा महत्त्वाची असते असेच, बोलतात.

फॉकलंडचेच पाहू. अटलांटिकमधल्या असेन्शन या ब्रिटिश बेटापासून फॉकलंडमधले, तेव्हा अर्जेंटिनाच्या ताब्यात असलेले पोर्ट स्टॅन्ली सुमारे 6,300 किलोमीटर, आणि ब्रिटनच्या व्हल्कन बॉम्बरला तेवढे जाऊन परत येणे स्वतःच्या इंधनावर अशक्य होते. म्हणून 30 एप्रिलच्या रात्री दोन व्हल्कन आणि तब्बल अकरा व्हिक्टर टँकर (हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारी विमाने) एकामागोमाग उडाले. दोन व्हल्कनपैकी एकच हल्ला करणार होते, दुसरे राखीव. मुख्य व्हल्कनच्या कॉकपिटची खिडकी नीट बंद होईना, ते परतले आणि राखीव विमानाला पुढे जावे लागले. वाटेत टँकर एकमेकांना इंधन देत आणि रिकामे झालेले मागे फिरत. शेवटच्या टप्प्यात वादळी ढगांत एका व्हिक्टरची प्रोब (इंधन घेण्याची नळी) मोडली, तेव्हा बॉब टक्सफर्ड यांच्या व्हिक्टरने त्याची जागा घेतली आणि स्वतःला घरी पोहोचण्यापुरतेही न ठेवता बॉम्बरला इंधन दिले. हल्ला झाल्याचा सांकेतिक शब्द ऐकू येईपर्यंत त्यांनी रेडिओवर मदतही मागितली नाही. एवढ्या खटाटोपानंतर 21 बॉम्बपैकी एकच स्टॅन्लीच्या धावपट्टीवर पडला आणि अर्जेंटिनाची हर्क्युलिस विमाने पुढेही तिथे उतरत राहिली. पण तो वेगळा वाद आहे.

आता या सगळ्यात तळाला अर्थ होता की नव्हता? असेन्शनवरच्या वाइडअवेक विमानतळाला धावपट्टी एकच, सुमारे तीन हजार मीटरची, आणि तिला समांतर टॅक्सीमार्ग नाही. त्या रात्री परतणारे चार व्हिक्टर इंधन संपत आलेल्या अवस्थेत जवळजवळ एकदमच येऊन ठेपले. उतरलेल्या विमानाने मागे वळून धावपट्टी मोकळी करेपर्यंत थांबायला पुढच्याकडे इंधन नव्हते. त्यामुळे पहिले विमान पार टोकाला जाऊन थांबले, दुसरे त्याच्या मागे, तिसरे त्याच्या मागे, आणि चौथ्याने उतरायचे ते समोर उभ्या असलेल्या तिघांकडे पाहत, ब्रेकवर भरवसा ठेवून. एखाद्या गल्लीत चार एसटी बस अडकाव्यात तसे हे चित्र आहे. बेटावर इंधनाचा थेंबही निघत नाही. तो जहाजांनी आणावा लागे. शिवाय बेट ब्रिटिशांचे असले तरी विमानतळ अमेरिकेचा होता. म्हणजे हवेत इंधन भरण्याच्या सोयीने तळाचा प्रश्न मिटवला नाही, फक्त तो बॉम्बरकडून टँकरकडे सरकवला. एका बॉम्बरला स्टॅन्लीपर्यंत न्यायचे तर अकरा टँकर उभे करण्याइतकी जागा हवी, हे त्याचे उत्तर.

बी-2 बद्दल आपला तपशील बरोबर आहे. ऑक्टोबर 2001 मध्ये एक विमान मिझुरीतील व्हाइटमन तळावरून निघून अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकून 44 तासांनी उतरले. पण ते उतरले कुठे, हे आपल्या प्रतिक्रियेत नाही. ते हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या तळावर उतरले, इंजिने सुरू ठेवूनच तिथे वैमानिक बदलले आणि मग विमान मायदेशी गेले. अशा सहा फेऱ्या झाल्या आणि त्याही पहिल्या तीन दिवसांत. त्यानंतर बॉम्बचा खरा भार बी-52 आणि बी-1 या बॉम्बरांनी त्याच दिएगो गार्सियावरून उचलला, कारण तिथून काबूल सुमारे 4,700 किलोमीटर आहे आणि तेच विमान, तेच वैमानिक थोड्याच दिवसांत पुन्हा पाठवता येतात. एखादा हल्ला कुठूनही करता येतो. रोज करायचा असेल तर शिदोरी जवळ लागते.

इतर देशांच्या परवानगीचा मुद्दा मात्र आपण एका ओळीत उडवून लावला आहे. एप्रिल 1986 मध्ये ब्रिटनहून लिबियावर हल्ल्यासाठी गेलेल्या अमेरिकी एफ-111 विमानांना फ्रान्स आणि स्पेनने आपल्या आकाशातून जाऊ दिले नाही. ती जिब्राल्टरला वळसा घालून गेली. अंतर सुमारे दुप्पट झाले आणि त्या द्राविडी प्राणायामासाठी टँकरांचा मोठा ताफा ब्रिटनमध्येच जमवावा लागला.

शेवटी आपण 1991 च्या आखाती युद्धाच्या वेळी ‘मुंबईत बी-52 ला इंधन दिले गेले’ असे लिहिले आहे, त्यात दुरुस्ती हवी. सहारला थांबत होती ती अमेरिकेची सी-141 मालवाहू विमाने होती, फिलिपिन्सकडून आखाताकडे जाणारी. त्यांनी इथून एकही बॉम्ब उचलला नाही. फक्त इंधन घेतले. तरीही बातमी बाहेर येताच काँग्रेसने चंद्रशेखर सरकारला धारेवर धरले आणि फेब्रुवारीत ती सोय बंद करावी लागली.