‘खोटा रिपोर्ट देणारी लॅब’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आमच्याकडे रक्त तपासलं, हिपॅटायटिस सी (यकृताचा विषाणूजन्य आजार) ‘पॉझिटिव्ह’ आलं, घरात दोन रात्री कुणाला झोप नाही. मग दुसऱ्या लॅबने महागडी टेस्ट करून ‘विषाणू आढळला नाही’ म्हणून सांगितलं. तेव्हा आमचा रिपोर्ट खोटा, पैसे परत द्या.

आधी आमची चूक. रिपोर्ट रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, लाल अक्षरांत ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (तुम्ही म्हणता ते पॉझिटिव्ह), बस. तुम्ही फोन केलात तर काउंटरवरून ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणून ठेवून दिला. तुमच्याशी मी बोलायला हवं होतं. माफ करा. आता असा रिपोर्ट मी स्वतः फोन केल्याशिवाय बाहेर जात नाही.

पण खोटा? नाही. झटपट तपासणीच्या कार्डावर ‘टी’ची, म्हणजे टेस्टची रेघ उमटली, कितीही फिकी असो, की आम्ही तोच नमुना मशीनवर पुन्हा लावतो. दोन्हीकडे आलं तरच रिअ‍ॅक्टिव्ह लिहितो. ही टेस्ट विषाणू शोधतच नाही; शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. विषाणू आज रक्तात आहे का, ते पीसीआर सांगते, आणि तुम्ही नंतर केलीत ती हीच. आपण पंचवटीतले. पूर ओसरल्यावरही गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर गाळ दिसतो, तो बघून आज पूर आहे असं कुणी म्हणतं का?

लागण झालेल्यांपैकी साधारण 15 ते 45 टक्के लोक सहा महिन्यांत औषधाशिवायच बरे होतात. अँटिबॉडी मात्र पुढे वर्षानुवर्षं राहतात. कधी लागण नसतानाही ही टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह येते, विशेषतः मशीनवरचा आकडा 1च्या, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह धरायच्या मर्यादेच्या, जेमतेम वर असेल तर. वडिलांच्या बाबतीत यातलं काय, ते इथे चारचौघांत लिहिणार नाही. समोर आलात तर एक मात्र विचारेन: 2001च्या आधी कधी रक्त चढवलं होतं का? दात्याच्या रक्ताची ही तपासणी आपल्याकडे त्या वर्षापासून सक्तीची झाली.

टेस्टचे पैसे परत करणार नाही. दुसऱ्या कंपनीच्या किटवर मात्र पुन्हा फुकट करून देतो. पीसीआरच्या खर्चाबद्दल तुमचा राग रास्त आहे. 2018मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती तपासणी आणि गरज पडली तर औषधंही मोफत मिळतात, हे आम्हीच त्या रात्री सांगायला हवं होतं.

आणि मोतीबिंदू एवढ्यावरून लांबवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना शंका असेल तर त्यांनाच मला फोन करू द्या, नंबर रिपोर्टच्या तळाशी आहे. दुपारी दोन ते चार मी मोकळा असतो.

पॅथॉलॉजिस्ट आणि मालक, पंचवटी, नाशिक